परत मागितलेले कंद

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाचं यंत्र तू पुन्हा कपाटात ठेवून दिलंस, हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. फोनवर ओरडून बोलणं मला जमत नाही आणि ऐकणं तुला, तेव्हा आपली पत्रंच बरी.

माझं ठीक आहे. पहाटे जलशुद्धीकरण केंद्रावर जातो, टाक्यांतल्या पाण्याचे नमुने घेतो, तपासतो, दुपारी घरी येतो. स्वयंपाक दोनच प्रकारचा येतो, तो आलटून पालटून करतो. हिला जाऊन परवा वर्ष झालं. त्या दिवशी काय करावं ते सुचत नव्हतं. शेवटी एक काम केलं, आणि ते कुणालातरी सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

आमच्या ओळीतल्या सोळा घरांमागे सोळा वाफे आहेत, ते तू पाहिलेच आहेस. हिचे ग्लॅडिओला तुला आठवत असतील, गडद लाल पाकळ्या आणि त्यांवर फिक्या रेघा. तसं फूल दुसऱ्या कुणाकडे नाही. फुलं द्यायला ही कधी मागेपुढे बघायची नाही. मागेल त्याला दांडे कापून द्यायची. पण कंदाचं नाव काढलं की हिचं तोंड मिटलं. तेरा वर्षांत हिनं एक कंद कुणाला दिला नाही. शेजारच्या शिंपीणबाईंनी तीनदा मागितला, तीनदा हिनं विषय बदलला. मग ओळीत हिचं नाव चिक्कूबाई पडलं. माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही, पण नळावर मी ऐकलं होतं. मलाही ते लागायचं. एकदा मी हिला म्हणालोसुद्धा, की दरवर्षी कंदांना एवढी पिल्लं होतात, ती काय आपण भाजून खाणार आहोत का. ही चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची ना, हातातलं भिंग पुरं होईपर्यंत मान वर करायची नाही. त्या दिवशीही केली नाही.

तर परवा मी वाळवून ठेवलेले कंद काढले, चांगले छत्तीस निवडले आणि वर्तमानपत्रात बांधले. पंधरा घरी दोन-दोन आणि ओळीतल्या मास्तरीणबाईंना त्यांच्या वर्गासाठी आणखी सहा दिले. फार बोललो नाही. तिच्याकडून, एवढंच म्हणालो. शिंपीणबाईंनी डोळे पुसले. इतकी वर्षं आपण तिला नावं ठेवली याची लाज वाटते, असं म्हणाल्या.

घरी येऊन मी दुपारभर झोपलो. वर्षभरात पहिल्यांदाच बरं वाटलं. तिच्या नावाला लागलेला डाग माझ्या हातून पुसला गेला. तुझ्यासाठी तीन कंद वेगळ्या पार्सलनं पाठवतो आहे.

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा

•

ता. १६ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

पार्सल आणि पत्र एकाच दिवशी आली. हे पत्र बसून वाच. आधी काम सांगते, मग कारण, आणि शेवटी माझा गुन्हा.

काम असं, की ते छत्तीस कंद परत आण. कुणी मातीत घातले असतील तर उकरून आण. मला पाठवलेले तीन मी हातमोजे घालून डब्यात बंद केले आहेत.

कारण असं, की त्या रेघा ही फुलाची जात नव्हे, तो रोग आहे. त्या झाडात एक विषाणू आहे. पाकळीच्या ज्या ज्या भागात त्यानं बस्तान मांडलं, तिथं लाल रंग तयार होत नाही, म्हणून फिकी रेघ उमटते. दिसायला सुंदर, पण तोच विषाणू घेवड्यावर आणि काकडीवर गेला तर पानं आकसतात, शेंगा वाकड्या होतात, वेल खुरटतो. तो कंदातून पिल्लांत जातो, कापणाऱ्या चाकूवरून जातो, आणि सगळ्यात जास्त माव्यातून जातो. मावा म्हणजे ते कोवळ्या शेंड्यावर बसणारे बारीक हिरवे किडे. एका पानात सोंड खुपसली, उडून दुसऱ्या पानात खुपसली, की काम झालं. तुमच्या ओळीत प्रत्येक जण घेवडा लावतो, हे मला माहीत आहे.

आता माझा गुन्हा. चौदा वर्षांपूर्वी तुझी बायको माझ्याकडे चार दिवस राहायला आली होती. तिला आमची वनस्पतिरोगांची प्रयोगशाळा बघायची होती. मागच्या अंगणात जाळायचा ढीग होता, त्यात हे फूल होतं. ती तिथून हलेना. मी तिला सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच. तिनं दोनच प्रश्न विचारले. माणसांना याचा त्रास होतो का, आणि हे एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं. मी म्हटलं, माणसांना काही होत नाही, आणि जातं ते असं असं. ती म्हणाली, मग माझ्याकडून नाही जाणार. तो कंद तिच्या पिशवीतून फाटकाबाहेर गेला, तेव्हा मी पहारेकऱ्याला हवापाण्याच्या गप्पांत गुंतवून ठेवलं होतं. कळलं असतं तर मला नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं.

ज्याला तुम्ही चिक्कूपणा म्हणत होता, तो तिनं मला दिलेला शब्द होता. तुला सांगायचं नाही, हा मी तिला दिलेला. तो आज मोडते आहे. ती असती तर तिनंच मोडायला लावला असता.

रागावलास तरी पत्र मात्र टाक.

तुझी ताई

•

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तुम्हा दोघींना माहीत होतं. मी तेरा वर्षं त्याच घरात राहत होतो.

काल शिंपीणबाईंच्या दारापर्यंत गेलो. घंटा न वाजवता परत आलो. जी वस्तू तिच्या नावानं दिली ती तिच्याच नावानं परत कशी मागायची, हे मला कळत नाही. आणि मागताना सांगायचं काय? की जिचं कौतुक करत होता ती रोगट झाडं पाळत होती?

आणखी एक गोष्ट आहे. गेल्या वर्षी ती गेल्यावर महिन्याभरानं मीच तिचे कंद लावले होते. पाणी घातलं, बाकी काही केलं नाही. ती रोज सकाळी अर्धा तास साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान खालून पुसायची, तो मला नसता उपद्व्याप वाटायचा. गेल्या मोसमात शिंपीणबाईंचा घेवडा गेला. पानांवर पिवळे डाग पडले, पानं चुरगळली. त्यांनी खताला दोष दिला. त्यांच्या पलीकडच्या रुग्णवाहिकेच्या चालकाची काकडी पण गेली. ती असताना तेरा वर्षांत नाही, आणि मी एक मोसम सांभाळलं तर हे झालं. म्हणजे ते माझ्याकडून गेलं, असंच ना? स्पष्ट लिही.

मला पाण्यातले जंतू कळतात. नमुना घ्यायचा, मोजायचे, जास्त निघाले तर औषधाची मात्रा वाढवायची. यावर अशी काही मात्रा नाही का? कंद औषधात बुडवून बरे होत असतील तर परत मागायची वेळ येणार नाही.

ती मला हसायची का, हे पण लिही.

तुझा धाकटा

•

ता. २३ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

स्पष्ट लिहिते. हो, बहुतेक तुझ्याच वाफ्यातून गेलं. पण घेवडा आणि काकडी एका मोसमाची झाडं. ती उपटून टाकली की त्यांच्यातला विषाणूही बहुतेक त्यांच्याबरोबर संपतो, कारण जिवंत पेशीवाचून त्याला थारा नाही. कंद मात्र वर्षानुवर्षं जगतो, म्हणून खरी भीती कंदांची. गेल्या वर्षीचं नुकसान झालं ते झालं. यंदाचं अजून तुझ्या हातात आहे.

मात्रा नाही. तुझे पाण्यातले जंतू हे स्वतंत्र जीव आहेत. खातात, वाढतात, म्हणून त्यांना मारता येतं. विषाणूचं तसं नाही. तुमच्या कचेरीत ती टायपिस्ट होती बघ, ट्रेमध्ये पडलेला कागद मुकाट टाइप करायची, वाचायची पण नाही? विषाणू म्हणजे कुणीतरी ट्रेमध्ये सरकवलेली चिठ्ठी. तिच्यावर एवढंच लिहिलेलं, की याच चिठ्ठीच्या शंभर प्रती काढा आणि शेजारच्या ट्रेमध्ये टाका. पेशी बिचारी आपलं काम सोडून त्याच प्रती काढत बसते. आता चिठ्ठी तेवढी मारायची आणि टायपिस्टला धक्का लावायचा नाही, असं औषध झाडांसाठी नाही. माणसांसाठीही मोजक्याच विषाणूंवर आहे. तुम्ही लोक सर्दीवर जंतूंच्या गोळ्या गिळता, त्या का लागू पडत नाहीत, ते पण यातच आलं.

ती तुला हसायची नाही. तुला घाबरायची म्हटलं तर चालेल, पण प्रेमानं. एका नमुन्यात चार जंतू निघाले म्हणून तू अख्खी टाकी रिकामी करवली होतीस, ते तिनं मला लिहिलं होतं. यांना कळलं तर वाफा कमरेइतका खणतील आणि वर ब्लीचिंग पावडर टाकतील, असं तिचं म्हणणं. खोटं आहे का? घरात सगळं तुझ्या नियमानं चालायचं आणि तिला ते आवडायचंही. पण एक गोष्ट तिला नियमाबाहेरची हवी होती, आणि तिची किंमत ती स्वतः रोज सकाळी मोजत होती.

आता तुला एक सांगते, ते त्या दारात उपयोगी पडेल. दरवर्षी घेवडा भरात आला की तिचं मला पाकीट यायचं. आत पंधरा पानं, प्रत्येक घरच्या वाफ्यातलं एक, कागदात दाबलेलं आणि कोपऱ्यात घराचा क्रमांक. मी ती तपासून कळवायची. एक जरी पान आजारी निघालं असतं तर आपले सगळे कंद ती त्याच दिवशी जाळणार होती, असं आमचं ठरलं होतं. तेरा वर्षं पानं आली, तेरा वर्षं सगळी निरोगी निघाली.

आता जा आणि घंटा वाजव. घुम्या माणसाची हीच तर सोय असते. तो बोलायला लागला की लोक ऐकतात.

आशीर्वाद आहेतच. धीरही पाठवता आला असता तर पाठवला असता.

तुझी ताई

•

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लोकांच्या वाफ्यांतली पानं खुडताना मी तिला पाहिलं आहे. मला वाटायचं, कुणाचं पीक कसं आलं ते बघत फिरते. एकदा मी तिला सांगितलं होतं की बरं दिसत नाही.

घंटा वाजवली. पहिल्यांदा शिंपीणबाईंकडेच गेलो. त्या संतापल्या. बायको देत नव्हती आणि नवरा दिलेलं परत मागतो, जोडा अगदी शोधून जुळवलेला आहे, असं म्हणाल्या. दार लावणार होत्या. मग मी सगळं सांगितलं, रेघा, मावा, गेल्या वर्षीचा त्यांचा घेवडा माझ्यामुळे गेला ते, आणि पानांचं पाकीट. आयुष्यात एका दमात इतकं बोललो नसेन. पानांचं ऐकल्यावर त्या थांबल्या. त्यांनी विचारलं की आमच्याही घरचं पान असायचं का. मी म्हटलं, क्रमांक चार. त्या आत गेल्या. मला वाटलं आता येत नाहीत. पण मागच्या दारानं वाफ्यात जाऊन दोन्ही कंद उकरून घेऊन आल्या. हातांना माती तशीच होती. मी त्यांना म्हटलं, हात साबणानं धुवा. त्यावर त्या म्हणाल्या की ती पण कायम हेच सांगायची, आणि आम्ही म्हणायचो की बाई फार सोवळी आहे.

रुग्णवाहिकेच्या चालकानं मला पायरीवरच उभं केलं, तोंडाला रुमाल बांधला आणि दोन्ही कंद चिमट्यानं धरून माझ्या पिशवीत सोडले. गेल्या वर्षी तो हीच काकडी खात होता, आता आपलं काय होणार, असं त्याचं म्हणणं. इतकी वर्षं तापाचे पेशंट खांद्यावरून नेले, आता काकडीनं मरायचं काय, असं त्याची बायको आतून ओरडली.

आत्तापर्यंत सत्तावीस परत आले आहेत. एक कंद क्रमांक अकराच्या घरून घुशीनं नेला, असं ते सांगतात. मी मागच्या कुंपणापाशी बिळं बघत फिरतो, कुठे कोंब दिसतो का ते. लोक मला चहाला बोलावतात. वर्षभर कुणी बोलावलं नव्हतं, बहुतेक मीच तसा चेहरा करून जात असेन.

मास्तरीणबाईंच्या घरचे दोन मिळाले, पण शाळेचे सहा बाकी आहेत. मुलांनी ते डब्यांत लावून खिडकीत ठेवले आहेत आणि कुणी द्यायला तयार नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतः येऊन मुलांना समजावून सांगा, आणि त्याआधी त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आणा. चाळीस मुलांसमोर मी काय बोलणार? प्रश्न असे आहेत. विषाणू जिवंत असतो का. फुलाचा वास घेतला तर तो नाकात जाईल का. झाडाला ताप येतो का, त्याला दुखतं का. पहिला विषाणू कुठून आला. चांगले विषाणू असतात का. आणि एका मुलीनं लिहिलं आहे, काकूंना माहीत होतं तर त्यांनी आजारी फूल ठेवलंच का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तू लिही.

कळावे. इकडची काळजी करू नकोस, थोडी केलीस तर चालेल.

तुझा धाकटा

•

ता. ११ मार्च

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

चालकाला सांग, झाडांचे विषाणू माणसाच्या पेशीत शिरू शकत नाहीत. प्रत्येक विषाणूला ठरावीक दारंच उघडता येतात. काकडीचं दार उघडणाऱ्याला माणसाचं दार उघडत नाही. आपण सगळे रोज भाजीतून असे कितीतरी गिळतो. वासानं नाकात जाण्याचं पण तेच उत्तर. चिमटा त्यानं चुलीपाशी परत नेऊन ठेवावा.

जिवंत असतो का, यावर मी नोकरीत असताना आमच्यात दर पावसाळ्यात एकदा भांडण व्हायचं. पेशीबाहेर तो धुळीच्या कणासारखा पडून असतो. खात नाही, श्वास घेत नाही. पेशीत गेला की जिवंत असल्यासारखा वागतो. मी मुलांना सांगेन की तो उंबऱ्यावर उभा आहे, आणि आत की बाहेर ते अजून ठरलेलं नाही. पहिला कुठून आला, ते कुणालाच पक्कं माहीत नाही. अंदाज पुष्कळ आहेत, आणि माहीत नाही असं म्हणायला शिक्षकांनीही लाजू नये. झाडाला ताप येत नाही. आपल्याला कळतं तसं दुखणं त्याला नसावं, पण ते गप्प बसून राहत नाही. आपल्या परीनं ते विषाणूला अडवत असतं. उपयोगी विषाणूही आहेत. काही तर तुझ्या पाण्यातल्या जंतूंनाच मारतात. तुझ्या खात्यातले बिनपगारी नोकर म्हण.

शेवटचं उत्तर मी लिहिणार नाही. तिच्याबरोबर तू राहिलास, मी नाही.

आता दोन गोष्टी, नीट विचार करून कळव. पहिली. झाडाचं अगदी वाढतं टोक इतक्या वेगानं वाढत असतं, की विषाणूला पुष्कळदा ते गाठता येत नाही. मोहरीच्या दाण्याहून लहान तेवढं टोक कापून काचेच्या नळीत वाढवलं, तर त्यातून निरोगी झाड मिळू शकतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता त्याच प्रयोगशाळेत हे काम करते. तिला मी सगळं सांगितलं आहे, माझा गुन्हासुद्धा. कंद नीट बंद करून आणायला तिनं परवानगी काढली आहे. पण झाड बरं झालं की रेघा जातील. फूल नुसतं लाल येईल, आणि आलं तर दोन वर्षांनी.

दुसरी. तुला रेघांचं फूल ठेवायचंच असेल तर एक कुंडी घरात, बारीक जाळीखाली, वेगळा चाकू ठेवून सांभाळता येईल. तिनं तेरा वर्षं सांभाळलं. मी नको म्हणणार नाही. माझ्या तोंडी ते शोभायचंही नाही.

जपून राहा, आणि मनातलं मला लिहीत जा.

तुझी ताई

•

ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेत जाऊन आलो. टायपिस्टची गोष्ट सांगितली. मुलांना इतकी आवडली की त्यांनी एकमेकांच्या दप्तरात चिठ्ठ्या सरकवायला सुरुवात केली, आणि बाईंना वर्ग आवरावा लागला. मग त्या मुलीनं उभं राहून आपला प्रश्न पुन्हा विचारला. मी काही ठरवून गेलो नव्हतो. मी म्हणालो की तिला ते फूल आवडायचं, म्हणून तिनं ठेवलं. आणि त्याच्यामुळे कुणाला त्रास होऊ नये, म्हणून ती रोज अर्धा तास कष्ट करायची आणि लोकांची बोलणी खायची. मुलगी म्हणाली, मग तुम्ही मदत करायची की. मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, विचारायचं. सहाही डबे तिनंच पुढे आणून दिले.

एकूण पस्तीस आले. एक घुशीचा राहिला. त्या बाजूला आठवडाभर काही उगवलेलं नाही, पण मी बघत राहीन.

जाळीचा विचार पाच दिवस केला. जागा पण ठरवली होती, तिच्या खोलीतली खिडकी. मग शाळेतल्या एका डब्यातलं रोप कुंडीत लावून दोन दिवस करून पाहिलं. हात धुणं, चाकू उकळणं, पानं पुसणं, हे सगळं एका कुंडीसाठी. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो आणि कुंडीला पाणी घालून हात न धुता तसाच वाफ्यात गेलो. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तसं नुकसान काही झालं नाही, वाफा रिकामाच आहे. पण मला कळलं. टाकीवर माझ्यावर नजर ठेवायला वही असते, वरचा साहेब असतो. तिच्यावर कुणाचीच नजर नव्हती आणि तेरा वर्षांत तिची एकदाही चूक झाली नाही. ते तिलाच जमलं. मला नाही जमायचं.

काल दुपारी वाफ्याच्या कडेला पत्र्याच्या पिंपात पाच सोडून सगळे कंद जाळले, घरातल्या कुंडीतलं रोपसुद्धा. शिंपीणबाई आल्या होत्या, चालक आला होता, रुमाल न बांधता. कंद लवकर पेटत नाहीत. त्यांत पाणी फार असतं.

पाच कंद ठेवले आहेत. डब्यात बंद करून, वर मेण लावून, तुझ्या विद्यार्थिनीच्या पत्त्यावर उद्या पाठवतो. रेघा गेल्या तरी चालतील, असं तिला सांग.

तुझ्यावर राग होता. आता नाही, एवढं कळावं.

तुझा धाकटा

•

ता. ४ डिसेंबर

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

माझी विद्यार्थिनी येऊन गेली, तिच्याकडून कळलं ते लिहिते. पाच कंदांतून बावीस टोकं कापली. चौदा सुकली किंवा बुरशीनं गेली. आठ वाढली, त्यांतल्या पाचांत तपासणीत विषाणू सापडला. तीन स्वच्छ निघाली. तीनदा तपासली, तरी स्वच्छ. सध्या नळीत त्यांना वाटाण्याएवढे कंद धरले आहेत. पुढच्या मोसमानंतर तुला मिळतील.

कापताना ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. मीही बघायला गेले होते. डोळे अजून चांगले आहेत, कानांची मिजास उतरली तरी. त्या भिंगाखाली ते टोक पाण्याच्या थेंबासारखं दिसतं. वाटलं, तुझ्या बायकोनं हे बघायला हवं होतं. भिंग कुणी घासलं असेल, तेही तिनं ओळखलं असतं.

तू हल्ली शिंपीणबाईंकडे रविवारी जेवायला जातोस, असं मास्तरीणबाईंनी मला कळवलं. हो, आमचा पत्रव्यवहार चालू आहे, मुलांचे प्रश्न संपत नाहीत. मला तू एका शब्दानं बोलला नाहीस. घुम्या तो घुम्याच.

या म्हातारीला विसरू नकोस, लवकर लिही.

तुझी ताई

•

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जुने कंद जाळले त्याला दोन वर्षं होऊन गेली. तुझ्या विद्यार्थिनीकडून गेल्या वर्षी आलेले तीन कंद मी मार्चमध्ये लावले, ते तुला कळवलंच होतं. दोन नीट वाढले. एक मागे पडला, पण आहे. घेवड्याची पानं यंदा मी खुडून तुझ्या विद्यार्थिनीकडे पाठवली, पंधरा घरांची आणि सोळावं माझं. सगळी निरोगी निघाली. आता लोकच मला हाका मारून पान नेण्याची आठवण करतात. चालक तर दोन देतो, एक राखीव म्हणून. पुढे पिल्लं झाली की पहिली शिंपीणबाईंना द्यायची आहेत. परत मागणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आहे आणि खाली मास्तरीणबाईंची सही घेतली आहे.

आज सकाळी पहिलं फूल उमललं. कामावर जायच्या आधी पाहिलं. कामावर अर्धा तास उशिरा पोचलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मला भीती होती की ते ओळखीचं वाटणार नाही, आणि खरंच वाटलं नाही. पाकळी कडेपासून देठापर्यंत एकसारखी लाल आहे. उन्हात धरली की आतून जांभळट दिसते. रेघांमुळे तो जांभळा कधी दिसलाच नव्हता. मी रेघा शोधत होतो, हे मला जरा वेळानं कळलं. मग शोधायचं थांबवलं आणि नुसतं बघितलं.

ताई, तिनं हे झाड तेरा वर्षं सांभाळलं. रोज त्याचं एकेक पान पुसलं. पण त्याचा स्वतःचा रंग कोणता, हे तिला कधी दिसलं नाही. आज मला दिसलं. तिला सांगण्यासाठी मी घरात वळलो होतो, दारापर्यंत गेलो.

म्हणून तुला लिहितो आहे. लाल आहे. खूप गडद लाल आहे.

तू ये. बहर आठवडाभर टिकेल.

तुझा धाकटा